पोरं रांगेत का उभी आहेत?

गळ्यात शिट्टी अडकवली आणि टोपी चढवली की माणूस प्रशिक्षक होतो, असा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा समज झालेला दिसतो. तो उतरवायला आज बोलावलंय. शिबिराचा समारोप, हारतुरे, प्रमाणपत्रं, फोटो, सगळं दुपारी होईल. आत्ता मोबाईल खिशात घाला. मागे भिंतीला टेकलेल्यांनी पुढे या, सतरंजी अर्धी रिकामी आहे.

गेले काही दिवस मी तुमच्या मैदानांवर न सांगता येऊन बसत होतो. पालकांच्या बाकावर म्हातारा बसलेला दिसला की कुणी लक्ष देत नाही, हे बरं असतं. काय पाहिलं सांगू? खो-खोच्या खांबासमोर २० पोरांची एक रांग. पहिला पळत जातो, सूर मारतो, उठतो, माती झटकतो आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. एकाला १२ सेकंद धरा. पुन्हा पाळी यायला चार मिनिटं. ४० मिनिटांच्या सरावात एका पोराच्या वाट्याला दहा पाळ्या, म्हणजे दोन मिनिटांची हालचाल. उरलेली ३८ मिनिटं ते पोरगं काय करत होतं ते तुम्ही पाहिलं नाहीत, मी पाहिलं. पुढच्याच्या पाठीत बोटं खुपसत होतं. मग तुम्ही त्याला बेशिस्त ठरवून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्यात. त्या संध्याकाळी ते पोरगं मनासारखं पळालं ते त्या शिक्षेतच!

'सर, आधी बेसिक पक्कं व्हायला नको का?' हे वाक्य तुमच्या ओठांवर आलेलं मला इथून दिसतंय. सूर मारणं हे बेसिक आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी? खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या दोघांच्या मधून सुळकन पलीकडे जातो. मग त्याला गाठायचं कसं? पलीकडे तोंड करून बसलेल्याला खो देऊन. अख्खा खेळ या एका अडचणीवर उभा आहे. खो कधी द्यायचा, कुणाला द्यायचा, एक चौकोन आधी की एक चौकोन नंतर, समोरचा हूल देतोय की खरंच वळतोय, हे ओळखता येणं म्हणजे खो-खो येणं. रांगेतल्या पोराला यातलं काय दिसतं? पुढच्याची पाठ दिसते. पळणारा गडीच समोर नाही तर ते सूर मारतंय कुणावर?

सूर शिकवू नका, असं मी म्हटलेलं नाही. उगाच तसं वहीत लिहून घेऊ नका. पण आधी पोराच्या हातून गडी निसटू दे. हात वीतभर कमी पडला, गडी गेला, पोर चरफडलं, की ते स्वतःहून विचारतं, 'सर, अजून लांब कसं पोचायचं?' शिकवायची वेळ ती. तेव्हा मारलेले दहा सूर तुमच्या रांगेतल्या शंभर सुरांना भारी पडतात.

आता तुम्ही, उजव्या बाजूचे, हसू नका. तुम्ही रांग लावत नाही, तुम्ही थेट सामना लावता, म्हणून तुम्हाला वाटतं आपण सुटलो. दहा-अकरा वर्षांची ४० पोरं, एक मैदान, मोठ्यांचं. नऊ जण पाठलागाला, तीन जण पळायला. म्हणजे १२ आत आणि २८ बाहेर मातीत रेघोट्या ओढत. त्या आतल्या बारांपैकी आठ उकिडवे बसलेले. खो फिरतो तो त्याच तिघा-चौघांत, कारण पळणारा कुठल्या टोकाला जाणार हे त्यांना कळतं आणि बाकीच्यांना कळत नाही. खांबाजवळचं ते चष्मेवालं पोर अख्ख्या डावात उठलं नाही. घरी जाऊन आईला सांगत असेल, आज खो-खो खेळलो. वाढत्या अंगाला म्हणून दोन मापं मोठा सदरा शिवतात, तसा तुम्ही पोरांना मोठ्यांचा खेळ चढवता आणि बाह्या लोंबतायत म्हणून पोरांवरच ओरडता.

चाळीच्या बोळात, वाडीत, वस्तीवर पोरं आपापली खेळतात तिथे कधी उभे राहून पाहिलंत? सात जण जमले, संघ सारखे पडत नाहीत, तर एकजण 'कॉमन', दोन्हीकडून खेळणारा. कुणाचा तरी धाकटा भाऊ रडत मागे आलाय, त्याला घेतलं नाही तर आई थोरल्यालाही घरात बोलावेल. मग तो लिंबूटिंबू. तो सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. बाद झाला तरी तो बाद नाही. बोळ अरुंद आणि खिडकीच्या काचा जवळ, तर चेंडू थेट वर मारला की आऊट. फलंदाज हलतच नाही, तर एक टप्पा आऊट. एकजण सगळ्यांना भारी पडतोय, तर त्याने डाव्या हाताने खेळायचं. पंच नाही, नियमपुस्तक नाही, शिबिराचं प्रमाणपत्र नाही. भांडतात दोन मिनिटं आणि खेळ बदलून पुढे चालू लागतात.

त्यांना हे का जमतं आणि तुम्हाला का जमत नाही, याचा विचार केलात कधी? बोळातला खेळ कुणाही एकाला नकोसा झाला तर तो उठून घरी जातो, आणि चारजण गेले की खेळच बंद. त्यामुळे सगळ्यांना धरून ठेवेल असा खेळ रचणं त्या पोरांना भाग असतं. तुमच्या हातात हजेरीपट आहे. पोरं कंटाळली तरी जागची हलत नाहीत, म्हणून खेळ बदलायची गरजच तुम्हाला कधी भासत नाही. नववीत गेल्यावर ती गळतात. तेव्हा तुम्ही म्हणता, 'क्लास लागला, आईबापांना खेळाची किंमत नाही.' काही जणांचा क्लास लागला असेल, कबूल आहे. पण खो न मिळता दोन वर्षं उकिडवं बसलेलं पोर क्लासला आनंदाने जातं, हेही लिहून ठेवा.

खेळ बदलायचा म्हणजे आकाशातून काही आणायचं नाही. जागा, माणसं, वेळ, साधन, नियम आणि गुण एवढंच तुमच्या हातात असतं, आणि तेवढं पुष्कळ आहे.

सात-आठ वर्षांच्या पोरांना खो-खो शिकवूच नका. विषामृत खेळवा. शिवलं की विष, जागच्या जागी थिजायचं, सवंगड्याने येऊन अमृत दिलं की सुटायचं. स्वतःचा जीव वाचवत दुसऱ्याला सोडवायला जायचं, एक डोळा पाठलाग करणाऱ्यावर आणि एक अडकलेल्यावर ठेवायचा. संघाच्या खेळाची याहून चांगली मुळाक्षरं मला माहीत नाहीत. साखळी खेळवा. हात सुटू न देता दोघांनी एका दिशेला पळायचं, म्हणजे आधी दोघांचं एकमत व्हायला हवं, आणि कबड्डीत कोपऱ्यावरच्या दोघांना पुढे तेच करायचंय. लंगडी खेळवा, आट्यापाट्या खेळवा. हे सगळं तुमच्या आज्यांना येत होतं. तुम्ही मात्र त्या वयाच्या पोरांना 'कोन' मांडून त्यांच्यामधून नागमोडी पळवता, कारण ते मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहिलंत.

दहा-अकराव्या वर्षी खो-खो आणा, पण छोटा. चार चौकोन, चार बसलेले, एक पाठलागावर, एक पळणारा, मिनिटाचा डाव. तुमच्या एका मैदानात अशी तीन-चार मैदानं बसतात. चुना संपलाय? चपला ठेवा. खांब दोनच आहेत? खांबाच्या जागी पोरं उभी करा. पहिल्या दिवशी दिशेचा नियमसुद्धा काढून टाका, हवं तसं वळू दे पाठलाग करणाऱ्याला. थोड्या वेळात तो आणि पळणारा एकाच बसलेल्या गड्याभोवती गोल गोल फिरायला लागतील आणि बाकीचे बोंब मारतील, 'सर, आम्हाला खो मिळतच नाही!' मग विचारा, काय केलं तर मिळेल? दिशेचा नियम पोरंच शोधून काढतील, निदान त्याच्या जवळ तरी येतील. असा हाती आलेला नियम त्यांना पुन्हा शिकवावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदला: पाच पावलांत खो द्यायलाच हवा. पोर आधी गडबडेल, चुकीचा खो देईल, मग उठतानाच पुढच्या खोचा विचार करू लागेल. एका वेळी एकच बदल. तुमच्यातल्या एकाने परवा एकाच डावात चार नवे नियम घातले होते. पोरं नियम आठवत होती, खेळत कुणीच नव्हतं. आणि बदल बरोबर बसला की नाही हे कशावरून ओळखायचं? पळणारा निम्म्या वेळा सुटावा, निम्म्या वेळा सापडावा. दर वेळी सुटत असेल तर मैदान आखूड करा, दर वेळी सापडत असेल तर रुंद करा किंवा एक बसलेला कमी करा. हे पाहायला डोळे लागतात, आणि डोळे वर करायला मोबाईल खाली ठेवावा लागतो.

तेराव्या-चौदाव्या वर्षी खो-खोतली साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून आतबाहेर करत पळणं, समजते. तिथे पळणाऱ्यांना गुण द्या, दर अर्ध्या मिनिटाला एक. मग ती नुसती घाबरून पळणार नाहीत, वेळ खायला शिकतील. सतरा-अठराच्या पोरांना तर खरा सामनाच तुकड्यांत द्या. शेवटची दीड मिनिटं उरलीत, दोन गडी हवेत, आत तुमच्यातला सगळ्यात चिवट पळणारा आहे: करा काय ते. डाव संपला की पुन्हा तेच द्या, फक्त या वेळी एक गुण पुरे आहे असं सांगा. त्यांचा खेळ कसा बदलतो ते पाहा. खुल्या गटातले बापईगडीसुद्धा अशा सरावाला कंटाळत नाहीत. तुमचा मात्र समज असा की 'गेम' ही लहान पोरांची गोष्ट, मोठ्यांना जोर-बैठका आणि फेऱ्या. लहानांनाही 'गेम' द्यायचा तो शेवटची पाच मिनिटं, गोळी वाटल्यासारखा. खेळाडूंना खेळायला देणं हे बक्षीस कधीपासून झालं?

कबड्डीवाले गप्प बसलेत, कारण त्यांना वाटतंय विषय खो-खोचा चाललाय. तुमचं वेगळं नाही. बारा वर्षांच्या मुलीला कडक मातीवर पहिल्याच आठवड्यात मांडीची पकड शिकवता, तिचं कोपर फुटतं आणि ती परत येत नाही. कमरेला रुमाल खोचा, रुमाल ओढला की पकड झाली. तीन विरुद्ध तीन, अर्ध्या मैदानात. चढाई करणारीचं अंतर राखणं, बचावणाऱ्यांचं एकमेकींकडे न पाहता एकदम पुढे येणं, सगळं त्यात येतं. अंगाला अंग लावायची भीड हळूहळू जाते, मग घोटा, मग मांडी. मोठ्यांना सराव द्यायचा तर समोर तीनच गडी ठेवा. तेव्हा पकड झाली तर दोन गुण मिळतात, हा नियम तर पुस्तकातच आहे. त्याचा सराव तुमच्यातले किती जण घेतात? फुटबॉलवाल्यांचीही तीच तऱ्हा. आठ-आठ वर्षांची २२ पोरं पूर्ण मैदानात एका चेंडूमागे घोळक्याने धावतात, आणि चेंडूला पाय लागतो तो त्यातल्या चौघांचा. इंग्लंडमध्ये अकरा-अकरांचा सामना पोरं पुरेशी वाढल्यावरच सुरू होतो. त्याआधी पाच-पाच, सात-सात, नऊ-नऊ. फुटबॉल तिथे जन्मला, तरी त्यांना हे कमीपणाचं वाटलं नाही.

आता एक बारीक गोष्ट, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट. तुम्ही पोरांना 'बाद झालास, बाहेर बस'वाले खेळ देता. संगीत खुर्ची, चेंडू मारून बाद करणे, असले. त्यात पहिल्यांदा बाहेर कोण बसतं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तो. आणि शेवटपर्यंत कोण खेळतं? ज्याला सराव नसला तरी चाललं असतं तो. हे उलटं आहे, एवढं समजायला शारीरिक शिक्षणाची पदवी लागत नाही. बाद झालेल्याला दुसऱ्या बाजूने खेळू दे, किंवा दहा सेकंद लंगडी घालून पुन्हा आत येऊ दे. खेळ चालू राहतो, ईर्षाही राहते.

आणि तुमचं तोंड! रेषेबाहेर उभे राहून तुम्ही सतत ओरडत असता. 'खो दे! आता दे! मागे बघ! खांबात घाल!' तुम्ही सांगायचं आणि पोराने करायचं, तर निर्णय कुणाचा झाला? तुमचा. मग सामन्यात पोर प्रत्येक वळणावर तुमच्याकडे बघतं, आणि तेवढ्यात गडी निसटतो. छोटा खेळ लावा आणि गप्प बसा. काही वेळाने थांबवा, एकच प्रश्न विचारा: 'मघाशी खो कुठे द्यायला हवा होता?' उत्तर चुकलं तरी चालेल, पुढचा डाव लावा. डाव त्याला उत्तर देईल. १९८२ साली इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या दोन शिक्षकांनी याच तक्रारीवर लेख लिहिला होता: पोरांना तंत्र येतं, पण सामन्यात कधी काय करायचं ते कळत नाही, म्हणून आधी सोपा केलेला खेळ द्या, त्यातून समज येऊ द्या, तंत्र गरजेप्रमाणे आणा. साहेबाने सांगितलं की तुम्हाला पटतं, म्हणून त्याचं नाव घेतलं.

आता विजोड सामन्यांकडे वळू. कल्याणला २०१६ च्या जानेवारीत शालेय क्रिकेटचा एक सामना झाला, १६ वर्षांखालील. एका मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. संघाच्या झाल्या ३ बाद १४६५. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ मध्ये आणि दुसऱ्या डावात ५२ मध्ये सर्वबाद. जगभर बातमी गेली. त्या मुलाला मी बोल लावणार नाही. समोर चेंडू आला, त्याने मारला, हजार धावा होईपर्यंत थकला नाही, शाबास त्याची. पण समोर क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोरांबद्दल तुम्ही कधी विचार केलात? त्यातली बरीचशी वयाने लहान होती, असं तेव्हाच छापून आलं होतं. पहिला बराचसा दिवस आणि वर दुसऱ्या दिवशीही ती पोरं सीमारेषेपलीकडून चेंडू आणत होती. गोलंदाजीबद्दल त्यांना त्यातून काय कळलं? बाहेर मोठी माणसं उभी होती, आणि ती सगळी धावा मोजत होती.

तुम्ही म्हणाल, तो अधिकृत सामना होता, नियम नियम असतात. मान्य. मग तुमच्या सराव सामन्यांत कुठले नियम आड येतात? गेल्या रविवारी एका मैदानावर मी पाहिलं, मोठी तुकडी छोट्या तुकडीवर सोडली होती, आणि 'त्यांना सवय व्हायला हवी' म्हणून तिघेजण कडेला उभे राहून हसत होते. ती सवय मार खायची आहे. छोट्यांना दोन गडी जास्त द्या. मोठ्यांना अर्धी जागा द्या. पंचवीस धावा झाल्या की मोठ्या फलंदाजाने निवृत्त व्हायचं, पुढचा येऊ दे. ज्याने चौकार मारला त्याचा पुढचा चौकार मोजायचा नाही, एकेरी-दुहेरीच मोजायच्या. मोठ्यांना अडचण होईल, लहानांना वाट मिळेल, आणि दोघांनाही डोकं चालवावं लागेल. ऑस्ट्रेलियात तर सगळ्यात लहान गटाची खेळपट्टीच १६ मीटरची असते, संघ सात-सात जणांचे. पूर्ण २२ यार्डांवरून नऊ वर्षांचं पोर चेंडू टाकतं तेव्हा तो दोन टप्पे खात येतो किंवा वाइड जातो. फलंदाजाला मारायला चेंडू मिळत नाही, गोलंदाजाला टाकायला हुरूप राहत नाही, क्षेत्ररक्षक उन्हात बसकण मारतात. आपल्याकडे आठ वर्षांच्या पोराला २२ यार्डांवर उभं करून वर 'खरा क्रिकेटर' म्हणतात.

हुशार पोरासाठी खेळ कसा बदलायचा, हेही तुम्हाला माहीत नाही. तो सगळ्यांना भारी पडतो म्हणून तुम्ही त्याला कर्णधार करता आणि मोकळं सोडता, किंवा ज्यादा फेऱ्या मारायला लावता. रमाकांत आचरेकर सर काय करत होते, हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. शिवाजी पार्कवर ते यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचं ते नाणं. कुणीच बाद करू शकलं नाही तर सचिनचं. सचिनने अशी १३ नाणी जपून ठेवली आहेत. ही गोष्ट तुम्ही भाषणात जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगता. मला त्यात प्रशिक्षकाची करामत दिसते. एका रुपयात त्यांनी दमलेल्या गोलंदाजांना पुन्हा पेटवलं आणि सगळ्यात चांगल्या फलंदाजाला दिवसातला सगळ्यात अवघड खेळ दिला. भाषण नाही, शिक्षा नाही. शिवाय एका मैदानावर तो बाद झाला की स्कूटरवर घालून दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या सामन्यात. त्या पोराने फलंदाजी केली ती माणसांसमोर. तुमच्या क्लबात मात्र एक पोर दिवसभर यंत्रातून येणारे चेंडू मारतं, आणि त्याची वेगळी फी असते.

वयाचंही एक सांगून टाकतो. दाखल्यावरचं वय आणि अंगाचं वय एक नसतं. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढतात, मुलगे चौदाव्याच्या आसपास, आणि त्यातही दोन-दोन वर्षं मागेपुढे. एकाच गटात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचे दुधाचे दात नुकते पडलेले असतात. त्या दुसऱ्याला तुम्ही 'यात दम नाही' म्हणून राखीवमध्ये टाकता. तो अठराव्या वर्षी कसा दिसेल याची तुम्हाला कल्पना तरी असते का? सरावात उंची-वजनाप्रमाणे गट पाडा, आठवड्यातून एकदा तरी. कबड्डीत लहान वयोगटांना वजनाची मर्यादा आहेच. पण तिचा उपयोग तुम्ही उलटा करता, वाढत्या पोराला दोन दिवस उपाशी ठेवून काट्यावर बसवता. हे मी ऐकून आहे. मला प्रत्यक्ष सापडला कुणी, तर त्याचं नाव मी पालकसभेत घेईन. खोटे जन्मदाखले आणणाऱ्यांबद्दल आज बोलत नाही, त्यांच्यासाठी शब्द वेगळे आहेत आणि इथे मुली बसल्या आहेत.

खेळ बदलणं म्हणजे खेळाची विटंबना, परंपरेशी द्रोह, असं परवा चहाच्या वेळी तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं. परंपरा? खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधायला घेतले, पुढे बडोद्याच्या जिमखान्याने छापले, आणि तेव्हापासून ते बदलतच आलेत. मैदानाची मापं बदलली, वेळ बदलली. किशोर गटाला आजही नऊऐवजी सात मिनिटांचा डाव असतो. कबड्डीचं मैदान पुरुषांना १३ बाय १०, महिलांना १२ बाय ८, किशोरांना ११ बाय ८ मीटर. नियम करणाऱ्यांनाच वय कळत होतं. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली, टीव्हीसाठी सात-सातचा संघ झाला, कुठल्याही दिशेला पळू शकणारा वझीर आला, ठरावीक वेळ टिकलं तर पळणाऱ्यांनाही गुण मिळू लागले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तोही सात-सातचाच. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तेव्हा तुम्ही फेटे बांधून मिरवणुकीत नाचलात, विटंबना कुणालाच आठवली नाही. टीव्हीवर पाहणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून खेळ बदललेला चालतो. मैदानात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला कंटाळा येऊ नये म्हणून बदलला तर तुमचा धर्म बुडतो.

आता शेवटची सबब: 'सर, अध्यक्षांना चषक हवा असतो.' हवा असतो, हे मला ठाऊक आहे. तालुक्याला १४ वर्षांखालचा चषक आणायचा सगळ्यात सोपा मार्ग कुठला, तेही मला ठाऊक आहे. लवकर वाढलेली नऊ पोरं धरायची, त्यांच्याकडून एकच साखळी घोटून घ्यायची, बाकीच्यांना पाणी आणायला ठेवायचं. चषक मिळतो. पालकही खूश. चार वर्षांनी कुमार गटात बाकीचे अंगाने बरोबरीला येतात, आणि तुमच्या नऊ पोरांना घोटलेल्या साखळीपलीकडे काही सुचत नाही. तोवर पाणी आणणारी निघून गेलेली असतात. मग जिल्ह्याच्या निवड चाचणीत तुमच्या शाळेचं एकही नाव नसतं आणि तुम्ही निवड समितीच्या नावाने बोटं मोडता. अध्यक्षांना हे समजावून सांगायचं काम तुमचं आहे. पगार त्याचाही मिळतो.

चाचण्या, फेऱ्या, जोर-बैठका यांची वेळापत्रकं तुम्ही छान रंगीत काढली आहेत, ती भिंतीवर राहू द्या. जूनमध्ये शाळा उघडतील, पहिल्या दिवशी ४० पोरं येतील. त्यांची नावं वहीत लिहा. रोज सराव संपला की कुठल्याही तिघांच्या नावापुढे लिहा, आज तो किती वेळा खऱ्याखुऱ्या गड्याच्या मागे पळाला, किती वेळा त्याला स्वतः ठरवावं लागलं. अंदाजे लिहिलं तरी चालेल, पण लिहा. मार्चमध्ये त्या चाळिसांतली किती उरली ते मोजा आणि वही घेऊन माझ्याकडे या. चषकाचे फोटो आणू नका, ते मी बघणार नाही.